फेफऱ्याची भामा

१९४५ सालच्या चैत्रात रोडपालीहून एक बैलगाडी आमच्या दवाखान्यासमोर येऊन थांबली. गाडीत गवतावर अठरा वर्षांची एक बाई बसली होती. तिचा डावा हात कोपरापर्यंत केळीच्या पानात गुंडाळलेला होता. सोबत आई आणि थोरला भाऊ गणू. पनवेलच्या त्या दवाखान्यात मी नुकताच कंपाउंडर म्हणून लागलो होतो. मी पान सोडवायला गेलो तर पानाबरोबर कातडीही निघून आली. बाईनं ओठ आवळले, पण ओरडली नाही.

"कशानं भाजलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेजेचं मडकं उलटलं," आई म्हणाली.

"नाय," बाई म्हणाली. "मना फेफरं येतं. चुलीपाशी बसले होते, चुलीतच पडले."

आईनं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. दवाखान्यात तेव्हा चारपाच माणसं बसलेली होती. त्यांतली एक बाई आपलं मूल उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

ही भामा. तिच्या गावात आणि आसपासच्या गावांत तिला फेफऱ्याची भामा म्हणत. तिच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाला हे शेपूट कधी लागलं ते तिलाही आठवत नव्हतं. आठव्या वर्षी मिठागराच्या बांधावरून चालताना ती पहिल्यांदा पडली. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. लोकांनी नाकाशी चप्पल धरली, कांदा धरला, मुठीत किल्ली कोंबली. पुढच्या वेळी भगताला बोलावलं. त्यानं विळा तापवून तिच्या कपाळावर डाग दिला. तो डाग कुंकवाच्या जागेच्या जरा वर होता, रुपयाएवढा. एकदा दातखीळ उघडायला कोणी उलथनं घातलं, त्यात समोरचा दात अर्धा तुटला.

"मी पडते तवा काय व्हतं ते मना कलत नाय," तिनं त्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. "उठल्यावर काय काय मोडलंय तेवढं कलतं."

पंधराव्या वर्षी तिचं लग्न ओवे गावच्या जगनशी लागलं. दुखणं लपवूनच. लावणीच्या दिवसांत, लग्नाला चार महिने झाले असताना, ती शेतातल्या चिखलात तोंडावर पडली. शेजारणीनं केस धरून वर ओढली म्हणून वाचली. सासू गंगाबाईनं दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून रोडपालीला आणून सोडलं आणि दारातच म्हणाली, "आमाला फसवलंत." ते खरं होतं. फसवलं होतंच. पण त्याची शिक्षा ज्यांनी फसवलं त्यांना झाली नाही.

डॉक्टरांनी तिचा हात बांधला आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिच्यासारख्या बाईला खुर्चीवर बसवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "हे बघ, माणसाच्या डोक्यात सारखं विजेसारखं काहीतरी चालू असतं. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. तुझ्या डोक्यात ते मध्येच बेफाम होतं, म्हणून तू पडतेस. ही भुताची बाधा नाही, शाप नाही. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. रोज झोपताना एक गोळी घ्यायची. एक दिवस जेवण चुकलं तर चालेल, गोळी चुकवायची नाही. आणि आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. तसं केलंस तर आधीपेक्षा वाईट येईल."

"कवापरत?"

"कदाचित जन्मभर."

भामानं थोडा विचार केला. "जन्मभर भात खातेच की," ती म्हणाली.

गणू मात्र परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तेवढं कुनाला बोलू नका." मी म्हटलं, "बोलणार नाही." तिकडे ओट्यावर बसलेल्या बाईनं बाजारात पोचायच्या आत सगळं सांगून टाकलं असणार.

त्यानंतर भामा दर महिन्याला येऊ लागली. रोडपालीहून चालत, खाडीच्या कडेकडेनं. एकटीनं खाडीकडेनं यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोबत कोण येणार? पहिल्या वर्षी तिला तीन वेळा फेफरं आलं, दुसऱ्या वर्षी एकदा. त्यानंतर नाही. आमच्या वहीत तिच्या नावापुढे डॉक्टर दर खेपेला 'नाही' असं लिहायचे. त्या 'नाही'ची ओळच्या ओळ तयार झाली. लिहिता-वाचता येत नसूनही ती वही बघायला मागायची आणि त्या ओळीवरून बोट फिरवायची.

मिठागरावर तिला आधी कोणी कामाला घेत नसे. कुंड्यांतल्या खाऱ्या पाण्यात पडून मेली तर निस्तरायचं कोणी? पण दोन वर्षं ती पडली नाही हे पाहून मुकादमानं घेतलं. भर उन्हात मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहायचं काम. ते मिळाल्याचा आनंद झालेली बाई मी तेवढी एकच पाहिली.

१९४९ मध्ये एक दिवस जगन दवाखान्यात आला. उंच, शांत माणूस. मान खाली घालून बोलत होता. भामाला टाकल्याचं चारी गावांत माहीत असल्यामुळे त्याचं दुसरं लग्न जमत नव्हतं. मुलीचे बाप म्हणत, पहिलीला सोडलीस तशी आमचीलाही सोडशील. भामा बरी झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

"बरी हाय का ती, डागदर?"

"गोळी घेत राहिली तर तुझ्या-माझ्यासारखीच आहे," डॉक्टर म्हणाले.

जगन तिला घेऊन गेला. पण घरी आईला त्यानं अर्धंच सांगितलं. भामा पूर्ण बरी झाली म्हणाला, गोळ्यांचं बोललाच नाही. भामा बाटली तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. नव्या संसारातही पुन्हा एक लपवाछपवी सुरू झाली, आणि ती पुन्हा तिच्याच नावावर लागणार होती. तिला ते कळत होतं. मला एकदा म्हणालीही, "चोरी केल्यावानी गोली खाते."

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. वेणू. तिला घेऊन ती दवाखान्यात आली तेव्हा काखेतली पोर सारखी तिच्या कपाळावरच्या डागाला बोट लावत होती आणि भामा हसत होती. तुटका दात दिसू नये म्हणून ती एरवी ओठ मिटून हसायची. त्या दिवशी तेही विसरली.

वेणू दोन वर्षांची असताना वैशाखात तिला ताप आला. दुपारची वेळ. ताप भराभर चढला आणि पोरीचे डोळे एकाएकी वर गेले. अंग ताठ झालं, मग हातपाय झटकू लागले. गंगाबाईनं किंकाळी फोडली. शेजारीपाजारी धावले. कोणी चमचा आणला, कोणी पोरीचे हात दाबून धरले. गंगाबाईनं विळा चुलीत घातला.

त्या घरात काय चाललंय ते कळणारं एकच माणूस होतं. भामानं पोरीला सगळ्यांच्या हातांतून ओढून घेतली, अंगणात सावलीला जमिनीवर कुशीवर निजवली. लाळ बाहेर वाहू दिली. तोंडात काही घालू दिलं नाही, हातपाय धरू दिले नाहीत. नुसता एक तळवा पोरीच्या डोक्याखाली ठेवून ती मोजत बसली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पाच मिनिटांच्या वर चाललं तर उचलून दवाखान्यात आणायचं. तिला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, म्हणून मी तिला शिकवलं होतं, सावकाश पंधरा वेळा वीस मोजायचे. सासू तापलेला विळा घेऊन आली तेव्हा भामानं तिला ढकललं. म्हातारी तुळशीपाशी पडली. सहा विसांच्या आत पोर सैल पडली, रडली, आणि झोपली.

पोर वाचली हे कोणी म्हटलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की फेफऱ्याच्या भामाच्या पोरीला फेफरं आलं, आणि सुनेनं सासूला पाडलं. संध्याकाळपर्यंत कणगीतली बाटलीही सापडली.

तिसऱ्या दिवशी भामा एकटीच आमच्याकडे आली. पोर त्यांनी ठेवून घेतली होती. "माज्याजवल ठेवली तर पुन्ना व्हईल म्हनतात," ती म्हणाली. "डागदर, व्हईल का?"

लहान मुलांना तापात अशी आकडी येते, बहुतेकांची वाढत्या वयात आपोआप जाते, ते फेफरं नव्हे, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. जातीचे पंच ओव्याला बसणार होते. डॉक्टरांनी पंचांना पत्र लिहिलं आणि ते वाचून दाखवायला मला पाठवलं.

ओव्याच्या देवळासमोर तीसचाळीस माणसं बसली होती. भामा एका बाजूला, गणूच्या मागे. जगन दुसऱ्या बाजूला, मान खाली. मी पत्र वाचलं. आकडी तापाची होती. आईजवळ राहिल्यानं मुलीला काही होणार नाही. आई गोळी घेते म्हणून ती निरोगी माणसासारखी आहे. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मुलीला पुढे फेफऱ्याचा आजार होईल का, याचं उत्तर बहुधा नाही असं आहे.'

एक म्हातारे पंच होते, महादेव पाटील. ते म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"बहुधा म्हंजे?"

"म्हणजे... शक्यतो नाही."

"व्हनार नाय असं लिवून देतात का तुमचे डागदर? हो का नाय, तेवढं सांगा."

मी पत्राची घडी घातली. तो शब्द गाळून वाचला असता तर कोणाला कळणार होतं? तिथे वाचता येणारा मी एकटा होतो. पण मी प्रामाणिक माणूस. लिहिलं होतं ते वाचलं. जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली, "बगा, डागदरलाच खात्री नाय." जगन पहिल्यांदाच बोलला, "माज्या पोरीची सोयरीक डागदर आनून देनार हाय का?"

काडीमोड झाली. पोर बापाकडे राहिली. उठताना भामाचा तोल गेला, तर तीन माणसं घाईघाईनं मागे सरकली. ती नुसती अडखळली होती.

परत येताना रस्त्यात ती मला म्हणाली, "दादा, तुमी काय वायट नाय केलं." मला ते ऐकवलं नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती पुन्हा मिठागरावर गेली. पुन्हा दर महिन्याला दवाखाना, पुन्हा वहीत 'नाही'. पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. ओव्याच्या अंगणात जमलेल्या बायकांनी ती मोजत बसलेली पाहिली होती. वर्षभरानं त्यांतल्याच एकीचं पोर तापात आखडलं तेव्हा तिनं मागच्या वाटेनं रोडपालीला माणूस पाठवला. भामा गेली. मग दुसरं गाव, मग तिसरं. मुलंच असं नाही. एका कोळ्याला होडीतच फेफरं यायचं. त्याला तिनं स्वतः आमच्या दवाखान्यात आणून बसवलं आणि गोळ्या सुरू केल्या. तिच्यामुळे आमच्याकडे अशी अकरा माणसं आली.

तिला बोलवायचे ते परसदारानं. काम झालं की पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ती बसलेली जागा ती निघायच्या आधीच सारवायला घ्यायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला जाता अशांच्या घरी?"

"पोर त्यांच्यावानी नसतं ना," ती म्हणाली.

वेणूला ती वर्षातून एकदा बघायची, ओव्याच्या जत्रेत, लांबून. एका वर्षी गंगाबाईनं तिच्याकडे बोट दाखवून नातीला काहीतरी सांगितलं. पोरीनं बघितलं आणि आजीच्या पदराआड तोंड लपवलं. त्यानंतर भामा आणखी लांब उभी राहू लागली. वेणूला त्या दिवसानंतर पुन्हा कधीही आकडी आली नाही. हे मला माहीत आहे, कारण भामानं दर वर्षी चौकशी करून आम्हाला कळवलं, जणू वहीत वेणूच्याही नावाची ओळ होती.

१९६६ च्या माघात ती आली तेव्हा गोळ्या घेऊन लगेच निघाली नाही. बाकावर बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"वेनूचं लगीन झालं."

"अरे वा! कुठे दिली?"

"सांगत नाय मना कोन. सोयऱ्यांना सांगितलंय, पोरीची आय मेली." मग म्हणाली, "काय रोगानं मेली म्हनून सांगितलं असंल? चांगल्याच रोगानं सांगितली असंल."

दोन वर्षांनी श्रावणात तिचा गोळ्यांचा दिवस होता. डॉक्टर तळोज्याकडे व्हिजिटला गेले होते. तेवढ्यात करंजाड्याचा एक माणूस धापा टाकत आला. वर्षाचं पोर तापात आखडलं होतं. मी पिशवी उचलली. "भामाबाई, चला," मी म्हटलं. कोणाचं घर, हे तिनं विचारलं नाही. कधीच विचारत नसे. गाढी नदी ओलांडून आम्ही जवळजवळ पळतच गेलो.

ओसरीवर गर्दी होती. पोराची आजी त्याच्या दातांत पळी घालायला बघत होती. त्याची आई खांबाला टेकून उभी होती, सतरा-अठरा वर्षांची. आम्ही आत शिरलो आणि तिची नजर भामाच्या कपाळावर गेली. भामा उंबऱ्यातच थांबली. एक क्षण. मी दोघींकडे पाहिलं. नाक तेच, भिवया त्याच.

भामानं पुढे होऊन पळी काढून घेतली. पोराला कुशीवर वळवलं, गळ्यातला घट्ट दोरा सोडला आणि मोजू लागली. ओठ हलत होते. नवव्या विसाला पोर सैल झालं. मग तिनं ओलं फडकं मागितलं, त्याचं अंग पुसलं. पोर रडायला लागलं तशी त्याची आजी मटकन खाली बसली.

"कुठली गं बाय तू?" आजीनं विचारलं.

"रोडपालीची."

"म्हंजे आमच्या सुनेच्या म्हायेराकडचीच. वेनू, वलखतेस का हिला?"

वेणूनं पदर पुढे ओढला. "नाय," ती म्हणाली.

आजीनं तिला पाणी द्यायला सांगितलं. वेणू तांब्या घेऊन आली. भामानं ओंजळ पुढे केली. वेणूनं वरून पाणी ओतलं, अगदी काळजीपूर्वक, तांब्या हाताला लागणार नाही इतक्या वरून. भामा खूप वेळ प्यायली.

परत येताना नदीपाशी मी म्हटलं, "एवढं तरी म्हणायला हवं होतं तिनं."

"काय म्हननार? आय म्हनून हाक मारली तर उद्या पोरासकट म्हायेरी धाडतील." ती चालत राहिली. "नाय म्हनाली ते बरंच केलं. शानी हाय." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नातू हाय मना. अंगानं चांगला हाय."

महिना होत आला तेव्हा वेणू त्या पोराला घेऊन दवाखान्यात आली. ताप नव्हता, आकडी नव्हती. आमच्या पाठोपाठ तिच्या सासरच्यांनी भगत आणला होता. पोराच्या पोटावर बेंबीभोवती चार डाग होते, दोन अजून पिकलेले. डॉक्टर संतापून काहीबाही बोलले. वेणू खाली बघून ऐकत राहिली. मी जखमा धुतल्या, पट्टी बांधली आणि रोज यायला सांगितलं.

निघताना ती माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "त्या रोडपालीच्या बाई... त्या कवा येतात हितं?"

मी लगबगीनं सांगितलं, "परवा. सोमवारी सकाळी. दहाच्या सुमारास येतील."

"मंग आमी सोमवारी येनार नाय," वेणू म्हणाली. "मंगलवारी येऊ."

सोमवारी भामा आली. आधी विचारलं, करंजाड्याच्या पोराला पुन्हा आकडी आली का? मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. पोटावरच्या डागांचं मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी वही उघडली आणि तिच्या नावापुढे लिहायचं ते लिहिलं. तिनं गोळ्यांची बाटली पदराच्या टोकाला बांधली आणि भरतीचं पाणी चढायच्या आत खाडीकडेनं घरी पोचायला हवं म्हणून घाईनं निघाली.